सरोवराकाठच्या गावाचे जुने जलरंगचित्र: स्थळ, काळ आणि चित्रकार कसे ठरवावेत?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीला गेलेल्या इंग्रज चित्रकारांनी रोमच्या आग्नेयेकडील सरोवरांची चित्रे पुष्कळ काढली. त्यांपैकी कित्येकांवर सही नाही, आणि काहींवर ती मागाहून दुसऱ्याच कोणी घातलेली असते. असे चित्र हाती आले की चित्रकाराचे नाव लगेच शोधावेसे वाटते; तो मोह आवरावा. आधी स्थळ, मग कागद आणि नाव सर्वांत शेवटी, हा क्रम मोडला की पुरावा नावाला जुळवून घेतला जातो.

उंच कड्यावर गाव आणि खाली वाटोळे सरोवर असेल, तर प्रथम अल्बानो आणि नेमी यांतला फरक पाहावा. दोन्ही सरोवरे ज्वालामुखीच्या विवरांत साठलेली आहेत आणि जुन्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या नावांची सहज अदलाबदल होते. गावाच्या माथ्यावर घुमट असून शेजारी मोठा वाडा दिसत असेल, तर ते बहुधा अल्बानोकाठचे कास्तेल गांदोल्फो असते. तो घुमट इटालियन वास्तुकार बर्निनीने 1658 ते 1661 या काळात बांधलेल्या चर्चचा आणि तो वाडा पोपच्या उन्हाळी निवासाचा. नेमी गावाची खूण म्हणजे तेथील किल्ल्याचा गोल बुरूज. कास्तेल गांदोल्फो पाण्यापासून सुमारे 130 मीटर उंचावर आहे, म्हणून चित्रातली घरे थेट पाण्याला टेकलेली असतील तर उत्तर इटलीतील कोमो किंवा स्वित्झर्लंडमधील सरोवरांकडे वळावे. नकाशाशी ताडताना डावे-उजवे उलटे आढळले, तर चित्र एखाद्या छापील प्रतीवरून उतरवल्याचा संशय घ्यावा, कारण छपाईत आकृती उलटते.

यानंतर भिंग घ्यावे. बर्न येथील योहान लुडविग आबेर्ली (1723–1786) हे स्विस देखाव्यांच्या बाह्यरेषा एचिंगने (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून) छापून वर हाताने रंग भरवत असत, आणि अशी प्रत काचेआडून अस्सल जलरंगचित्रासारखीच दिसते. रंगाखालची रेषा सर्वत्र छपाईच्या शाईची असेल आणि कडेला धातूच्या पत्र्याचा दाब उमटलेला असेल, तर ते छापचित्र समजावे. कडा कापलेल्या असतील तर मात्र दाबाची खूण सापडणार नाही.

चित्र चौकटीतून काढण्याचे काम चित्रसंवर्धकाकडून करून घ्यावे, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते टाळावे. मोकळा कागद उजेडासमोर धरल्यावर समांतर रेषांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीचा साच्याचा कागद होय. रेषा नसलेला गुळगुळीत कागद इंग्रज कागद-उत्पादक जेम्स व्हॉटमन यांनी 1757 च्या सुमारास बनवला, पण त्याचा सर्रास वापर शतकाच्या अखेरीस सुरू झाला. जलचिन्हात (कागद बनवतानाच उमटवलेल्या, उजेडासमोर दिसणाऱ्या खुणेत) 1794 असेल तर विशेष सावध राहावे: त्या वर्षीच्या इंग्रजी करकायद्यामुळे कागदावर साल घालण्याची प्रथा पडली आणि काही गिरण्यांनी तेच साल पुढेही चालू ठेवले. म्हणजे चित्र त्याआधीचे नाही एवढेच सिद्ध होते.

रंगांचीही अशीच साक्ष घ्यावी. कोबाल्ट निळा 1802 नंतरचा, तर जस्ताचा पांढरा जलरंग 1834 नंतरचा. मात्र असा नंतरचा रंग एखाद्याच जागी असेल तर ती मागाहूनची डागडुजी असू शकते. आकाश अकारण गुलाबी दिसत असेल तर त्याला संध्याकाळ समजू नये. ढगांच्या करड्या छटेसाठी नीळ आणि तांबडी माती एकत्र करत, आणि वर्षानुवर्षांच्या उजेडाने नीळ उडून तांबडेपणा उरतो. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेल्या पट्टीवर मूळ रंग बहुधा टिकून असतो.

आता हात ओळखावा. फ्रान्सिस टाउन (1739–1816) लेखणीची स्पष्ट रेषा काढून सपाट रंग भरत, आणि मागच्या बाजूला स्थळ, तारीख, कधी प्रहर व उजेडाची दिशासुद्धा लिहीत. म्हणून पाठीवरचा जुना पुठ्ठा कधीही फेकू नये. जॉन रॉबर्ट कोझेन्स (1752–1797) रेषेवर फारसे अवलंबून न राहता करड्या, निळ्या, हिरव्या छटांच्या बारीक फटकाऱ्यांतून डोंगर उभे करत, आणि एकच देखावा अनेक आश्रयदात्यांसाठी पुन्हा रंगवत. कोझेन्स यांच्याबाबत आणखी एक अडचण आहे, आणि माझ्या मते या क्षेत्रातली सर्वाधिक चुकीची नावे तिच्यातूनच निर्माण झाली. लंडनचे डॉ. थॉमस मन्रो यांनी 1790 च्या दशकात कोझेन्स यांची रेखाटने टर्नर आणि गर्टिन या तरुण चित्रकारांकडून उतरवून घेतली. गर्टिन रेषा काढत आणि टर्नर रंग चढवत, असे त्या दोघांनीच 1798 मध्ये सांगितल्याची नोंद आहे. म्हणून कोझेन्सची रचना, पेन्सिलची तुटक रेषा आणि फक्त निळा-करडा रंग असा मेळ दिसला, तर या प्रतींचा विचार आधी करावा.

शेवटी ब्रिटिश म्युझियम आणि टेट या ब्रिटनमधील संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरील खात्रीच्या चित्रांशी झाडे, पाणी व घरांची छपरे एकेक करून ताडावीत. मत मागताना पुढची बाजू, मागची बाजू, तिरप्या उजेडातला पृष्ठभाग व जलचिन्ह यांची छायाचित्रे मोजपट्टीसह पाठवावीत, आणि नोंदीत ‘यांचे’, ‘यांचे मानलेले’, ‘यांच्या वर्तुळातील’ आणि ‘यांच्या चित्रावरून’ यांपैकी पुरावा जिथवर नेतो तेवढाच शब्द लिहावा.