खरबुजात विषाणू-प्रतिकार निवडताना या चुका टाळा

प्रतिकार तपासायला रोगट पानाचा रस रोपांवर चोळून मुद्दाम लागण करतात. पण त्यानंतर ट्रेमध्ये हिरवं राहिलेलं प्रत्येक रोप प्रतिकारक नसतं. हंगामच्या हंगाम या एका गैरसमजापायी वाया जातात.

हिशेब मांडून बघा. सीएमव्ही-१ (काकडी मोझॅक विषाणूला रोखणारं जनुक) सारख्या अप्रभावी, म्हणजे दोन्ही प्रती असल्या तरच काम करणाऱ्या जनुकासाठी एफ-२ ची (संकराच्या स्वतःच्या बियांतून आलेल्या पिढीची) १०० रोपं घेतली, तर साधारण २५ खरी प्रतिकारक आणि ७५ बळी पडणारी असतात. रस चोळताना हात हलका पडला आणि लागण ८० टक्केच झाली, तर त्या ७५ पैकी १५ रोपं निव्वळ नशिबाने वाचतात. निरोगी दिसतात ४०, त्यांत १५ तोतये. मग सगळ्यांचं बी राखलं जातं, पुढच्या पिढीत तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओळींत मोझॅक (पानांवर हिरवे-पिवळे चट्टे) दिसतो, आणि खापर फुटतं जनुकावर. ‘प्रतिकार टिकला नाही’ म्हणे! त्या ओळींत तो होता कुठे?

लागण पक्की करायची तर बीजपत्रं पूर्ण उघडलेली आणि पहिलं खरं पान नुकतं डोकावणारं रोप घ्या. आदल्या दिवशी २४ तास अंधारात ठेवा. १ ग्रॅम ताजं रोगट पान ४ मिली थंडगार फॉस्फेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), सामू ७, खलात वाटा. भांडं बर्फातच असू द्या. बफरमध्ये ४०० मेशचं कार्बोरंडम (पान किंचित खरवडणारी बारीक पूड) मिसळून दोन्ही बीजपत्रांवर चोळा आणि लगेच पाण्याने धुवा. तीन-चार दिवसांनी तीच रोपं पुन्हा चोळा. ही दुसरी फेरी कंटाळवाणी वाटते म्हणून गाळणाऱ्यांनी निवडीच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक ट्रेत बळी पडणाऱ्या वाणाची १० रोपं हवीतच. त्यातली ९ सुद्धा आजारी पडली नाहीत, तर ट्रे सरळ रद्द. एलायझासाठी (पानात विषाणू आहे का हे दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीसाठी) तीन आठवड्यांनी नवं, न चोळलेलं पान घ्या, कारण चोळलेल्या बीजपत्रावर विषाणू सापडला तर त्यातून काहीच कळत नाही.

दुसरी चूक याच्या बरोबर उलटी: चांगलं रोप फेकून देणं. व्हॅट जनुकाच्या बाबतीत हे हमखास होतं. हे जनुक विषाणूला अडवत नाही. एफिस गॉसिपी या माव्याने सोंड खुपसली की झाड तो डंख ओळखतं आणि त्या वाटेने विषाणू आत शिरू देत नाही. रस चोळून विषाणू आत घातला, तर व्हॅट असलेलं झाडही इतरांसारखंच आजारी पडतं. म्हणजे वरची चाचणी कितीही नेटाने केली, तरी इथे तिचा उपयोग शून्य. मावेच वापरावे लागतात: तासभर उपाशी ठेवायचे, रोगट पानावर ५ ते १० मिनिटं सोडायचे, मग मऊ ब्रशने रोपामागे १० ठेवून पाव तासाने मारायचे. रोगट पानावर जास्त वेळ ठेवले तर लागण वाढेल असं वाटतं, पण अशा अल्पकाळ वाहून नेल्या जाणाऱ्या विषाणूंत ती घटते. आणि शेतात विषाणू मायझस परसिकीसारख्या दुसऱ्या माव्याने आणला, तर व्हॅट काही करू शकत नाही.

गोंधळात भर म्हणजे पीआय १६१३७५ या कोरियन वाणात व्हॅट, सीएमव्ही-१ आणि एनएसव्ही ही तिन्ही जनुकं आहेत. त्यामुळे ‘दाता (जनुक देणारा) वाण प्रतिकारक आहे’ एवढ्यावर भागत नाही. संततीत नेमकं कोणतं उतरलं ते मार्करने (जनुकाची डीएनएतली खूण तपासून) पाहा.

एनएसव्ही हे नेक्रॉटिक स्पॉट विषाणूविरुद्धचं जनुक, तेही अप्रभावी आहे. हा विषाणू झाडाचं ईआयएफ-४ई हे प्रथिन वापरतो. बदललेलं रूप त्याला चालत नाही, पण एक प्रत जरी जुनी असली तरी त्याचं काम भागतं. म्हणून संकराच्या दोन्ही पालकांत ते हवं. एकाच पालकात घालून संकर विकायला काढणाऱ्यांची कीव येते. बॅकक्रॉसमध्येही (संकराचा मूळ वाणाशी पुन्हा संकर करताना) वाहक, म्हणजे एकच प्रत असलेली झाडं आजारीच पडतात, त्यांना रस चोळून शोधू नका.

विषाणूच्या एकाच विभेदावर (उपप्रकारावर) चाचणी करून निकाल लावू नका. सीएमव्ही-१ काकडी मोझॅक विषाणूच्या उपगट २ ला रोखतं, उपगट १ ला एकट्याने नाही; एनएसव्हीला ‘२६४’ हा विभेद भेदतो.

एफ-२ मध्ये पाच-सहा रोपांवर अप्रभावी जनुक शोधू नका. एक तरी सापडण्याची ९५ टक्के खात्री हवी, तर किमान ११ लागतात.

बियाण्याच्या पाकिटावर नुसतं ‘विषाणू-प्रतिकारक’ छापलं असेल, तर कोणत्या विषाणूला आणि प्रतिकार उच्च की मध्यम, हे विचारल्याशिवाय ते दाता म्हणून वापरू नका.