टीव्हीवरील रेसलिंग डोळसपणे कसे पाहावे

टीव्हीवर रेसलिंग पाहत बसलेल्या माणसाला "हे सगळे आधीच ठरलेले असते, तरी पाहता?" असे कोणीतरी विचारतेच. ठरलेले असते, हे खरे आहे, आणि ते गुपित राहिलेलेही नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेव्हाच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईने, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सिनेटला स्वतःच सांगितले की हा खेळ नसून करमणूक आहे; कारण खेळ म्हटले की राज्याच्या क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर मागे लागत होते. पिढ्यान्‌पिढ्या प्राणपणाने जपलेले गुपित कंपनीने खर्च वाचवण्यासाठी सोडून दिले, ही गोष्ट नव्या प्रेक्षकाने आरंभीच लक्षात ठेवावी. या धंद्यातली बहुतेक कोडी शेवटी हिशेबाच्या वहीतच सुटतात.

निकाल ठाऊक असला म्हणजे पाहण्यासारखे काही उरत नाही, या समजुतीला ४ जानेवारी १९९९ च्या रात्रीने चोख उत्तर दिले आहे. त्या सोमवारी डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीच्या नायट्रो या थेट प्रक्षेपित कार्यक्रमात समालोचकाने प्रेक्षकांना सांगून टाकले की दुसऱ्या वाहिनीवरील रॉ या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या साप्ताहिक कार्यक्रमात आज मिक फोली हा मल्ल विजेतेपद जिंकणार आहे. रॉचा तो भाग आधीच चित्रित झालेला असल्याने निकाल फोडून प्रतिस्पर्ध्याचे प्रेक्षक तोडण्याचा हा डाव होता. घडले उलटेच. वर्षानुवर्षे अंग मोडून घेतलेल्या फोलीला अखेर विजेतेपदाचा पट्टा मिळतो आहे हे कळताच लाखो लोकांनी वाहिनी बदलली. त्याच रात्री नायट्रोच्या मुख्य मॅचमध्ये हल्क होगनने केव्हिन नॅशच्या छातीला नुसते बोट लावले आणि नॅश आडवा पडून चितपट झाला. प्रेक्षकाला निकाल आधी कळला तरी चालतो, त्याची थट्टा झालेली मात्र चालत नाही, असे मी यावरून मानतो. म्हणून रेसलिंग पाहताना कोण जिंकले हा प्रश्न मागे ठेवून तीन प्रश्न पुढे घ्यावेत: जे दाखवले ते पटले का, जमलेल्या लोकांना ते हवे होते का, आणि ते दाखवण्याचे पैसे कोणी दिले.

रिंगमध्ये कोठे पाहावे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी एक सवय मोडावी लागते. आपली नजर आपोआप फटका मारणाऱ्याकडे जाते. ती मार खाणाऱ्याकडे वळवावी. बसलेला फटका प्रेक्षकाला खरा वाटायला लावण्याच्या या कौशल्याला रेसलिंगच्या बोलीत 'सेल' करणे म्हणतात. पाच मिनिटे गुडघ्यावर मार खाल्लेला मल्ल शेवटी दोरावरून सहज उडी मारतो की लंगडत दोरापर्यंत पोहोचतो, यावरून मॅच विचारपूर्वक रचलेली आहे की नुसत्या कसरती एकीपुढे एक ठेवल्या आहेत, हे कळते. अमेरिकी पद्धतीत पकडी बहुधा डाव्या हातापायावर घेतल्या जातात, तर मेक्सिकोच्या लुचा लिब्रेमध्ये उजव्या. तेव्हा अमेरिकी मॅच पाहताना डाव्या बाजूवर लक्ष ठेवले, तर कथेचा धागा लवकर हाती लागतो.

सज्जन बाजूच्या मल्लाला 'फेस' आणि दुर्जन बाजूच्या मल्लाला 'हील' म्हणतात. मॅचची लय बहुधा हील ठरवतो: तो वेग मारतो, फेसला दाबून धरतो आणि त्याच्या उसळीची वाट पाहायला लावतो. ज्या हीलला प्रेक्षकांकडून टाळ्या मिळवण्याची हाव सुटते तो आपल्या कामात कमी पडतो, मग त्याच्या उड्या कितीही नेत्रदीपक असोत. आजकाल हा दोष फार दिसतो आणि तो कौशल्याच्या नावाखाली खपूनही जातो.

पंचाकडेही अधूनमधून पाहावे. त्याच्या कानात संदेश ऐकण्याचे छोटे यंत्र असते. किती वेळ उरला आहे, मॅच कधी आवरायची, हे पडद्यामागून त्याला सांगितले जाते आणि तो पडलेल्या मल्लाजवळ वाकून ते पोहोचवतो. पंचाने डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली, तर सहसा दुखापत खरी आहे, असा तो पडद्यामागील लोकांना इशारा असतो. अर्थात कधीकधी हा इशाराही कथानकासाठी वापरला जातो. जाहिरातींचे गणित तर एकदा कळले की विसरता येत नाही. कोणीतरी रिंगबाहेर झेप घेतो, सगळे जमिनीवर पडतात आणि नेमकी तेव्हाच जाहिरात लागते. परत आल्यावर बहुतेक वेळा हीलने सूत्रे हाती घेतलेली असतात. घरी बसलेल्याचे काही फारसे बुडू नये म्हणून मॅच मुद्दाम अशी रचलेली असते.

आवाज कसा ऐकावा

प्रेक्षकांचा आवाज हा या कलेचा निम्मा भाग आहे, हे मार्च २०२० नंतर कोणालाही सिद्ध करून दाखवावे लागले नाही. साथीमुळे डब्ल्यूडब्ल्यूईचे कार्यक्रम ऑरलँडो येथील प्रशिक्षण केंद्रात रिकाम्या खुर्च्यांपुढे होऊ लागले आणि त्या वर्षीची रेसलमेनियाही, म्हणजे कंपनीचा वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रमही, तशीच चित्रित झाली. मल्ल तेच, डाव तेच. पण फटक्यानंतरच्या शांततेत सगळे तालमीसारखे वाटे. ऑगस्ट २०२० मध्ये घरबसल्या प्रेक्षकांचे चेहरे पडद्यांच्या भिंतींवर दाखवण्याची सोय करून त्याला आवाजाची जोड दिली गेली, परंतु खरी जान जुलै २०२१ मध्ये प्रेक्षक परतल्यावरच आली.

आवाजाचे प्रकार ओळखायला शिकावे. हीलला मिळणारी हुर्यो ही त्याची कमाई असते. याला 'हीट' म्हणतात. याउलट "तुम्ही आम्हाला पाहायलाच नको आहात" अशा अर्थाचीही हुर्यो असते आणि ती कंपनीला उद्देशून असते. जानेवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फियात रॉयल रंबल, म्हणजे तीस मल्ल एकामागून एक रिंगमध्ये उतरतात ती मॅच, जिंकलेल्या रोमन रेन्सला ती मिळाली. कंपनीच्या लेखी तो फेस होता, सभागृहाच्या लेखी तो लादलेला माणूस होता. तरीही पुढची पाच वर्षे त्याला त्याच भूमिकेत पुढे रेटण्यात आले. ऑगस्ट २०२० मध्ये तो हील म्हणून परतला, तेव्हा तोच मल्ल एकाएकी शोभू लागला, आणि त्याने पट्टा १,३१६ दिवस स्वतःकडे राखला. चूक माणूस निवडण्यात नव्हती, भूमिका निवडण्यात होती, आणि सभागृह हे पहिल्या रात्रीपासून सांगत होते.

लोकांचे म्हणणे कधी ऐकलेच जात नाही, असे मात्र नाही. २०१४ च्या रॉयल रंबलमध्ये प्रेक्षकांचा आवडता मल्ल डॅनियल ब्रायन येत नाही हे कळल्यावर पिट्सबर्गच्या प्रेक्षकांनी एवढा गोंधळ घातला की तिसाव्या क्रमांकावर आलेल्या रे मिस्टेरिओसारख्या लाडक्या मल्लालाही हुर्यो खावी लागली. एप्रिलमधील रेसलमेनियाच्या अखेरीस पट्टे ब्रायनच्या हाती होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडी रोड्स या मल्लाच्या जागी द रॉकला रेसलमेनियाच्या मुख्य मॅचमध्ये रेन्ससमोर आणण्याचे संकेत मिळताच असाच उठाव झाला, आणि रेन्सला शेवटी कोडीनेच हरवले. दोन्ही वेळा कंपनी झुकली. रेन्सच्या बाबतीत पाच वर्षे झुकली नाही. असे करणे तिला परवडते कसे, हे समजायला तिसऱ्या प्रश्नाकडे यावे लागते.

पैसा कोठून येतो

१९८० च्या दशकात टीव्हीवरचा कार्यक्रम ही मुख्यतः जाहिरातच होती. नामांकित मल्ल एखाद्या अनोळखी माणसाला तीन मिनिटांत लोळवत असे, मग कॅमेऱ्यासमोर प्रतिस्पर्ध्याला आव्हान देत असे, आणि खरी लढत पाहण्यासाठी तिकीट काढावे लागे. पुढे पे-पर-व्ह्यू आले, म्हणजे एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी घरबसल्या पैसे मोजण्याची पद्धत. या दोन्ही व्यवस्थांमध्ये प्रेक्षकाचे नाणे थेट गल्ल्यात पडत होते, त्यामुळे त्याची नाराजी पुढच्याच महिन्यात हिशेबात दिसे.

नंतर प्रक्षेपण हक्कांचा पैसा इतका वाढला की बाकी सर्व मिळकत त्यापुढे मागे पडू लागली. २०१९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा दुसरा साप्ताहिक कार्यक्रम स्मॅकडाउन फॉक्स वाहिनीवर गेला ते पाच वर्षांच्या सुमारे १०० कोटी डॉलरच्या करारावर. जानेवारी २०२५ पासून रॉ नेटफ्लिक्सवर आहे. तो करार दहा वर्षांचा आणि ५०० कोटी डॉलरहून अधिक रकमेचा आहे. या व्यवस्थेचा अर्थ २०२० च्या ताळेबंदात सर्वांत स्पष्ट वाचता येतो. त्या वर्षी मार्चनंतर तिकीटविक्री जवळजवळ थांबली, एप्रिलमध्ये अनेक मल्लांना आणि कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले, आणि तरीही डब्ल्यूडब्ल्यूईचे वार्षिक उत्पन्न सुमारे ९७ कोटी ४० लाख डॉलर झाले, जे तोवरचे सर्वाधिक होते. सभागृह रिकामे असताना विक्रमी उत्पन्न मिळवणाऱ्या कंपनीला सभागृहाची हुर्यो काही वर्षे सहन करणे जड जात नाही. २०१८ पासून सौदी अरेबियात होणारे भव्य कार्यक्रमही याच चष्म्यातून पाहावेत. तेथे खरे गिऱ्हाईक तिकीट काढणारा माणूस नसून यजमान राज्य असते.

या पैशाची दुसरी बाजू डब्ल्यूसीडब्ल्यूच्या अंतात दिसते. ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत रॉला मागे टाकणारी ही कंपनी वाईट बुकिंगने, म्हणजे कोण जिंकणार आणि कथा कोठे जाणार हे ठरवण्यातील गफलतींमुळे, खिळखिळी झाली हे खरेच आहे. परंतु तिचा जीव गेला तो मार्च २००१ मध्ये, मालक समूहाने तिच्या कार्यक्रमांना आपल्या वाहिन्यांवरून काढून टाकले तेव्हा. वाहिनीवरची वेळ गेल्यावर घेण्यासारखे फारसे उरले नाही, आणि प्रतिस्पर्ध्यानेच ती किरकोळ किमतीत विकत घेतली. २०१९ मध्ये उभ्या राहिलेल्या एईडब्ल्यू या नव्या प्रतिस्पर्धी कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीएनटी वाहिनीवर साप्ताहिक जागा मिळवली, ही तिच्या जगण्यातील सर्वांत महत्त्वाची घटना मी समजतो. तिच्या कोणत्याही मॅचपेक्षा महत्त्वाची.

मल्लांच्या वाट्याला यातले काय येते, हेही पाहणाऱ्याने विसरू नये. अमेरिकेतील मोठ्या कंपन्या मल्लांना सहसा नोकर नव्हे, तर स्वतंत्र कंत्राटदार मानतात. १९८६ मध्ये जेसी व्हेंचुरा या मल्लाने मल्लांची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला, पण तो तडीस गेला नाही. एखादा लोकप्रिय मल्ल अचानक हरू लागला, तर त्याच्या कराराची मुदत संपत आली आहे का, हे आधी तपासावे. कथानकात न सापडणारे कारण बरेचदा तेथे सापडते.

आकडे आणि बातम्या यांचे काय करावे

कंपनीने जाहीर केलेली उपस्थिती ही कथेचाच भाग समजावी. १९८७ च्या रेसलमेनिया ३ साठी जाहीर केलेला ९३,१७३ हा आकडा आजही अभिमानाने सांगितला जातो आणि आजही वादग्रस्त आहे. स्वतः अंदाज बांधायचा असेल तर मुख्य कॅमेऱ्याच्या समोरची बाजू पाहू नये, कारण प्रेक्षक कमी असले तर ती आधी भरली जाते. रिंगभोवती फिरणारा कॅमेरा चुकून उलट दिशेला वळतो, तो क्षण पकडावा. वाहिनीची प्रेक्षकसंख्या आणि नेटफ्लिक्सची 'व्ह्यूज' यांची तुलना तर करूच नये. पहिली विशिष्ट वेळी सरासरी किती जण पाहत होते ते सांगते, दुसरी पाहिलेल्या एकूण तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून काढतात. दोन्ही शेजारी मांडून कोणी विजयाचा किंवा ऱ्हासाचा निष्कर्ष काढत असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही.

पडद्यामागील बातम्यांबाबत माझा नियम सोपा आहे: करार, दुखापती आणि तारखा यांच्या बातम्या वाचाव्यात, कोण कोणावर रागावला आहे याच्या सोडून द्याव्यात. पहिल्या पडताळून पाहता येतात. दुसऱ्या पुष्कळदा कंपनीतूनच सोडलेल्या असतात.

वेळेबाबतही कठोर असावे. जुलै २०१२ मध्ये रॉ दर आठवड्याला तीन तासांचे झाले आणि माझ्या मते त्याने या कलेचे मोठे नुकसान केले. तिसरा तास जाहिरातदारांसाठी होता, कथेसाठी नव्हता, आणि थकलेल्या सभागृहातून ते ऐकू येत असे. सगळे पाहण्याची जबाबदारी प्रेक्षकावर नाही. एकच वैर निवडावे, मोठ्या कार्यक्रमाआधीचा शेवटचा भाग पाहावा, मग तो कार्यक्रम पाहावा, आणि मागील घटनांची उजळणी सरळ वगळावी.

सरावासाठी २३ मार्च १९९७ च्या रेसलमेनिया १३ मधील ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन ही मॅच घ्यावी. ऑस्टिन हील म्हणून आला होता आणि हार्ट फेस म्हणून. प्रथम आवाज बंद करून फक्त ऑस्टिनचा चेहरा पाहावा: शार्पशूटर पकडीत रक्ताने माखलेला, शरण न जाता शुद्ध हरपणारा. नंतर पडद्याकडे पाठ करून फक्त आवाज ऐकावा. पंच केन शॅमरॉकने मॅच थांबवल्यानंतरही हार्ट मारत राहतो, तेव्हा सभागृहाचा सूर पालटतो. आणि थोड्या वेळाने हरलेला ऑस्टिन कोणाचाही आधार न घेता लंगडत निघतो, तेव्हा लोक त्याच्याच नावाचा घोष करत असतात.