फोडणीचा धूर आणि पाथलाइनचा घोळ

परळच्या चाळीतली आमची दहा बाय बाराची खोली मी ओपनफोममध्ये, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बांधली होती. फोडणीचा धूर आईच्या डोळ्यांत का जातो, ते मला बघायचं होतं. त्या गणिताचा निकाल चित्रात दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूत स्ट्रीम ट्रेसर हा फिल्टर लावला तर सुंदर रेषा आल्या, पण त्या फक्त त्या एका क्षणाच्या. वारा सतत बदलत असेल तर कणाचा खरा प्रवास वेगळाच असतो. स्ट्रीमलाइन (एका क्षणाच्या वाऱ्याची रेषा) आणि पाथलाइन (एका कणाच्या प्रवासाची रेषा) जुळतात त्या फक्त स्थिर प्रवाहात.

मग काळासोबत कण पुढे नेणारा पार्टिकल ट्रेसर घेतला. नुसते ठिपके दिसले. त्यावर ते ठिपके जोडून रेषा काढणारा टेम्पोरल पार्टिकल्स टू पाथलाइन्स लावला, तरी रेषा मोजून दोन-तीनच. मास्क पॉइंट्सचा आकडा मोठा होता, म्हणजे तितक्यांतून एकच कण धरला जात होता. तो 1 केला, ट्रॅकची लांबी वाढवली, पहिल्या टाइमस्टेपवर जाऊन प्ले दाबलं. मधूनच सुरू केलं तर मागचा प्रवास मिळत नाही.

तरीही रेषा काटकोनी, तुटक. दोन दिवस त्यात गेले. खोट राइट इंटरव्हलमध्ये, म्हणजे ओपनफोम किती वेळाने निकाल डिस्कवर लिहितो त्या आकड्यात, होती: 1 सेकंद. खिडकीपाशी वेग सेकंदाला मीटरभर, म्हणजे दोन नोंदींमध्ये कण मीटरभर पुढे! 0.05 केल्यावर वळणं नीट आली. डिस्क भराभर भरते, पण त्याला इलाज नाही. शेगडीवरचे काही कण हलेनात, कारण ते भिंतीला टेकले होते आणि तिथे वेग शून्य. बीजबिंदू, म्हणजे कण जिथून सोडले ते बिंदू, चार बोटं आत सरकवले.

धूर खिडकीकडे जातो, कपाटाला आपटतो आणि आईच्या तोंडावर परत येतो. रविवारी कपाट हलवतोय.