‘रिटर्न सीपीएनं भरलंय’ म्हणून पेनल्टी माफ होत नाही: या चुका टाळा

अमेरिकेत निष्काळजीपणामुळे कर कमी भरला गेला, तर कमी पडलेल्या करावर २० टक्के पेनल्टी लागते. ती भरायची रिटर्नवर सही करणाऱ्या करदात्याने, ते तयार करणाऱ्या सीपीएने (अमेरिकेतल्या परवानाधारक लेखापालाने) नव्हे. व्यावसायिक सल्ल्यावर विसंबलो होतो, हा बचाव कायद्याला मान्य आहे, पण २००० साली टॅक्स कोर्टाने निओनॅटॉलॉजी असोसिएट्सच्या खटल्यात त्याच्या तीन अटी स्पष्ट केल्या. सल्लागार त्या विषयातला जाणकार हवा, त्याला सगळी खरी माहिती दिलेली हवी आणि तुम्ही मनापासून त्याच्या मतावर विसंबलेले हवे.

अमेरिकेत राहणारे आपले लोक अडकतात ते दुसऱ्या अटीवर. एनआरई एफडीचं (अनिवासी भारतीयांच्या भारतातल्या मुदत ठेवीचं) व्याज भारतात करमुक्त, म्हणून ते सीपीएच्या कानावरच घालत नाहीत. अमेरिकेत मात्र रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न करपात्र असतं. सीपीएच्या प्रश्नावलीत ‘परदेशात खातं आहे का?’ यापुढे घाईघाईत ‘नाही’ लिहिलं, की रिटर्नसोबतच्या शेड्यूल बी या जोडपत्रात हाच प्रश्न असलेल्या तिसऱ्या भागातही ‘नाही’वरच खूण होते. मग सल्ल्याची ढाल पुढे कशी करणार? सल्ला मागितलाच नव्हता.

माहिती दिली तरी रिटर्न न वाचता सही करू नका. २०११ च्या एका खटल्यात सुमारे ३४ लाख डॉलरचं उत्पन्न रिटर्नमध्ये यायचं राहून गेलं. त्याचा कागद जोडप्याने तयार करणाऱ्याला दिलेला होता, तरी पेनल्टी कायम राहिली. नजरचूक म्हणजे सल्ला नव्हे, असं कोर्टाचं म्हणणं. कठोर वाटतं, पण एवढी रक्कम गायब असल्याचं वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असतं.

मुदतीचंही तसंच. १९८५ च्या बॉयल निकालात सुप्रीम कोर्टाने बजावलं, की वकिलावर सोपवलं होतं म्हणून उशीर माफ नाही. तारीख पाळायला कायद्याचं ज्ञान लागत नाही. करबचतीची योजना विकणाराच तिची ग्वाही देत असेल, तर त्याच्या शब्दाला कोर्टात फारशी किंमत नसते.

म्हणून शंकेचा मुद्दा नेमका लिहून ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. नोटीस आल्यावर हा बचाव घेतलात, तर वकिलाशी झालेला गोपनीय पत्रव्यवहारही उघड करावा लागू शकतो, हे आधीच विचारून घ्या. आणि चूक तुमच्याच आधी लक्षात आली असेल, तर आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) तपासणीसाठी संपर्क करण्यापूर्वी सुधारित रिटर्न भरा. त्यात दाखवलेल्या वाढीव करावर ही २० टक्क्यांची पेनल्टी सहसा लागत नाही. व्याज मात्र भरावंच लागतं.