सूर्याजवळचा धूमकेतू कोकणातून कसा गाठायचा आणि फोटोत कसा पकडायचा

ऑक्टोबर 2024 मधे त्सुचिनशान-अ‍ॅटलास नावाचा धूमकेतू आला होता तेव्हा पहिल्या संध्याकाळी मी देवगडजवळ पुळणीवर ट्रायपॉड रोवून तासभर उभा होतो आणि काही म्हणजे काही दिसलं नाही, समोर अख्खा समुद्र मोकळा, एक झाड आड नाही, तरी नाही. दोन दिवसांनी तोच कॅमेरा घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट कातळी पठारावर गेलो आणि दहा मिनिटांत सापडला. तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की कोकणात मावळतीचा धूमकेतू बघायचा तर समुद्राकडे जायचं नाही, समुद्र दिसेल अशा उंचीवर जायचं. ते का आणि नंतर काय काय करायचं ते सगळं इथे लिहितोय, पुढचा येईल तेव्हा कुणाची पहिली संध्याकाळ फुकट जायला नको.

आधी हे समजून घ्या की असले धूमकेतू नेमके सूर्याजवळ असतानाच का उजळतात. एक तर जवळ गेल्यावर बर्फ तापून वायू आणि धूळ जोरात बाहेर पडते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुसरं कारण जास्त मजेदार आहे. कौलारू घरात दुपारी कवडसा पडतो ना, त्यातली धूळ उजेडाच्या दिशेला तोंड करून बघितली की झगझगते आणि उजेडाकडे पाठ करून बघितली की जवळजवळ दिसतच नाही. धूमकेतू आपल्या आणि सूर्याच्या मधे आला की तेच होतं, त्याची धूळ मागून उजळते. 9 ऑक्टोबर 2024 च्या सुमाराला त्सुचिनशान-अ‍ॅटलास असाच भडकला होता, पण सूर्याच्या इतका लगत की आपल्याला आकाशात मिळणं अशक्य, सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात मात्र शेपटासकट झकास दिसला.

म्हणून पहिला टप्पा घरातच, मोबाईलवर. सोहो 1995 पासून अंतराळात आहे, त्यावरचा लॅस्को सी3 कॅमेरा सूर्याला चकतीने झाकून आजूबाजूचं साधारण 16 अंश रुंद आकाश दाखवतो आणि ताजे फोटो नेटवर फुकट बघायला मिळतात. धूमकेतू त्या चौकटीतून कुठल्या बाजूने बाहेर पडतोय हे रोज बघत राहा. शिवाय तो सूर्याजवळून वाचून निघाला का हेही तिथेच कळतं, कारण 2013 मधे आयसॉन धूमकेतूचा केवढा गाजावाजा झाला होता आणि 28 नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालतानाच तो विरून गेला.

आता पहाटे की संध्याकाळी. पहाटेचा असेल तर पूर्वेला सह्याद्री आडवा येतो, त्यामुळे खाडीकाठच्या किंवा डोंगराच्या कुशीतल्या गावातून बघण्यात अर्थ नाही, उघड्या कातळावर जायचं. पहाटे एक फायदा असतो, मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जात असतो म्हणून हवा जरा कोरडी. संध्याकाळी उलटं, दिवसभर खारे वारे वाहिलेले असतात आणि क्षितिजालगतचे तीनचार अंश दुधाळ होतात, सूर्यसुद्धा बुडायच्या आधीच लालसर होऊन फिका पडतो ते बघितलं असेल. पुळणीवर त्यात लाटांचे खारे तुषार आणि मागच्या हॉटेलांचे दिवे. सड्यावर गेलं की दूरवरचा दुधाळपणा जात नाही, पण निदान ते तुषार आणि दिवे तरी खाली राहतात.

जागा आदल्या दिवशीच बघून ठेवा. स्टेलॅरियम या आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपमधे तुमचं गाव आणि धूमकेतूचं नाव टाका. ते नाव सी/2023 ए3 (हाच त्सुचिनशान-अ‍ॅटलास) असं विचित्र असतं पण त्यात सगळी माहिती आहे, सी म्हणजे लांब पल्ल्याचा, 2023 म्हणजे सापडलेलं वर्ष, ए म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, 3 म्हणजे त्या पंधरवड्यातला तिसरा. मग सूर्य बुडाल्यावर पाऊण तासाने तो कुठे आणि किती वर असेल ते बघून घ्या. अंदाजाला हात पुरतो, हात लांब करून मूठ धरली की 10 अंश, मधली तीन बोटं 5 अंश, करंगळी 1 अंश.

इथे आपण कोकणातले लोक खरंच नशीबवान आहोत. सूर्य आपल्याकडे बराच उभा बुडतो, चार मिनिटांत साधारण एक अंश, त्यामुळे अंधार पटकन पडतो. युरोपात तो तिरका तिरका जातो आणि संधिप्रकाश रेंगाळत राहतो. समजा धूमकेतू सूर्यापासून 15 अंशांवर जवळजवळ सरळ वरच्या बाजूला आहे, तर सूर्यास्तानंतर पस्तीसेक मिनिटांनी सूर्य 8 अंश खाली आणि धूमकेतू 7 अंश वर. त्याच्या आधी आकाश फार उजळ आणि त्यानंतर पाव तासाने तो दुधाळ पट्ट्यात. म्हणजे हातात जेमतेम पंधरा मिनिटं, त्यात ट्रायपॉडचा स्क्रू शोधत बसायला वेळ नाही.

खडपावरूनच (किनाऱ्यावरच्या खडकांवरूनच) फोटो काढायचा हट्ट असेल तर भरती बघून जा. आपल्याकडचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. म्हणजे अष्टमीच्या आसपास ऐन तिन्हीसांजेला पाणी पूर्ण चढलेलं असणार आणि तुम्ही आकाशाकडे बघत पाठीमागची वाट बंद करून घेणार. अशा दिवशी खडपावर जाऊच नका. आणि विजयदुर्गासारख्या किल्ल्यावर जायचं असेल तर संध्याकाळी किती वाजेपर्यंत थांबू देतात ते आधी विचारा (तिथले साहेबाचे ओटे जरूर बघा, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाशी ती जागा जोडलेली आहे).

एक गोष्ट मात्र कितीही घाई असली तरी मोडायची नाही. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय दुर्बीण, टेलिफोटो काहीही त्या दिशेला फिरवायचं नाही, एका क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. पहाटेच्या धूमकेतूला तर सूर्योदयाच्या दहा मिनिटं आधीचा अलार्म लावा आणि वाजला की दुर्बीण पेटीत. 2007 च्या जानेवारीत मॅकनॉट धूमकेतू इतका तेजस्वी झाला होता की लोकांनी सूर्याला भिंतीआड धरून भर दिवसा नुसत्या डोळ्यांनी बघितला, पण दुर्बीण लावून दिवसा असले प्रयोग नकोत.

शोधताना आधी ओळखीचे दिवे पकडा. 2024 ला पश्चिमेला डावीकडे शुक्र होता, उजवीकडे स्वाती तारा, आणि धूमकेतू त्या दोघांच्या मधे. 7x50 किंवा 10x50 दुर्बिणीने शुक्रावर फोकस पक्का करायचा आणि मग तिथून सावकाश उजवीकडे, थोडं वर, परत डावीकडे असं झाडू मारल्यासारखं फिरवायचं. क्षितिजावर मासेमारीच्या बोटींचे दिवे लागलेले असतात, नवख्या माणसाला तेच धूमकेतू वाटतात. ओळखायची खूण सोपी आहे, शेपूट नेहमी सूर्याच्या उलट दिशेला, म्हणजे मावळतीला ते वर उभं असणार. त्या संध्याकाळी शेजारच्या काकी सड्यावर गुरं बघायला आल्या होत्या, त्यांना दाखवत होतो तर म्हणाल्या, "खंय आसा रे? माका काय दिसना नाय." मी सांगितलं, काकी, त्याच्याकडे सरळ बघू नका, त्याच्या जरा बाजूला बघा. आणि मग त्या एकदम गप्पच झाल्या, थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, "ह्या तर शेंडेनक्षत्र." नजर थोडी बाजूला ठेवली की अंधुक गोष्टी जास्त दिसतात, डोळ्याची रचनाच तशी आहे, ही युक्ती कायम वापरा.

आता कॅमेरा. महागडा लागत नाही, 50 किंवा 85 एमएमची लेन्स आणि न हलणारा ट्रायपॉड हवा. सड्यावर वारा असतो, बॅग ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला लटकवा, पाय पूर्ण लांब करू नका. मॅन्युअल मोड, रॉ फाईल, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. फोकस ऑटोवर अजिबात ठेवू नका, लाईव्ह व्ह्यूमधे शुक्र दहापट मोठा करून रिंग इतकी हळू फिरवा की तो सगळ्यात बारीक टिंब होईल, आणि मग रिंगवर चिकटपट्टी लावून टाका. शुक्र नसेल तर लांबच्या दीपगृहाचा दिवा चालतो.

एक्स्पोजर दर पाच मिनिटांनी बदलत जातं. एफ 2.8 धरून सांगतो, सूर्यास्तानंतर पंचवीस मिनिटांनी आयएसओ 200 आणि 1/8 सेकंदापासून सुरुवात करा, चाळीस मिनिटांनी आयएसओ 800 ला एक सेकंद, पाऊण तास उलटून गेला की आयएसओ 1600 ला तीनचार सेकंद. आकडे ही नुसती सुरुवात, खरं काय ते हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघून ठरवा, तो डावीकडे चिकटता कामा नये. आणि लांब एक्स्पोजरला मर्यादा आहे, 500 भागिले लेन्सचे एमएम, म्हणजे 50 ला 10 सेकंद, 200 ला अडीच, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असेल तर आणखी दीडने भागा, त्यापुढे तारे रेघा होतात. म्हणून एकच लांब फोटो काढण्यापेक्षा एकसारखे तीसचाळीस काढा आणि घरी सिरिल किंवा सिक्वेटर या सॉफ्टवेअरमधे एकावर एक रचा, दोन्ही फुकट आहेत, शेपूट त्यात दुप्पट लांब निघतं.

मोबाईलवाल्यांनी निराश होऊ नका. प्रो मोड, आयएसओ 800, दोनचार सेकंद, फोकस अनंतावर, आणि फोन हातात न धरता दगडाला टेकवून टायमरवर. फ्रेममधे माडाचा शेंडा किंवा सड्यावरचं एखादं झाड घ्या, नुसत्या आकाशात धूमकेतू केवढा आहे ते बघणाऱ्याला कळतच नाही.

ऑक्टोबरात परतीचा पाऊस असतो, ढग येणारच. तरी जा, कारण क्षितिजाजवळ ढगांची फट कधीकधी पाचच मिनिटं उघडते. आणि सूर्याजवळून बाहेर निघालेला धूमकेतू रोज वर वर चढत असतो पण तितकाच फिकटही होत जातो, त्यात 2024 ला कोजागिरीचं चांदणं आडवं आलं, म्हणून "उद्या बघू" करू नका, पहिल्या मोकळ्या संध्याकाळी निघा.

घरी आल्यावर कॅमेरा लगेच बॅगेबाहेर काढू नका, गार कॅमेऱ्यावर घरातल्या उबदार हवेत दव बसतं, अर्धा तास तसाच राहू दे. लेन्सवरची खारट ओल आधी ब्लोअरने, मग किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसा, कोरडी घासली तर मिठाचे कण काचेला ओरखडे पाडतात. ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवून उभे करून ठेवा, आणि बॅटरी त्याच रात्री चार्जिंगला लावा, उद्या परत सड्यावर जायचंय.