पेव, उकिरडा की अर्पण? प्राचीन वस्तीतील खड्डे ओळखताना या चुका टाळा

पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडावर उत्खनन करताना पावलोपावली खड्डे लागतात, आणि अर्थ लावण्यातल्या चुकाही बहुधा तिथेच होतात. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत धान्याची पेवे (धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेले खड्डे), दफनाचे कुंभ, खोलगट घरे असे नाना प्रकारचे खड्डे सापडले. म्हणून पुढील विवेचनासाठी तेच उदाहरण घेतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे खड्ड्यात जे सापडले त्यावरून तो कशासाठी खणला हे ठरवणे. राख, हाडे, खापरे दिसली की नोंदवहीत ‘उकिरडा’ असे लिहून आपण मोकळे होतो. वास्तविक पेवात ओल शिरली, घुशी लागल्या किंवा कड ढासळली की घरचा केर टाकायला तीच जागा सोयीची ठरत असणार. म्हणजे भराव खड्ड्याच्या उतारवयाची हकिकत सांगतो, जन्माची नव्हे. जन्माची हकिकत पाहायची तर तळ आणि भिंती नीट निरखाव्यात. इनामगावच्या काही पेवांना आतून चुन्याचा लेप होता. केरासाठी एवढी मेहनत कोणी घेत नाही.

पेवाचे कार्य समजले की ही पारख सोपी होते. तोंड घट्ट बुजवल्यावर आतले धान्य श्वसनाने प्राणवायू संपवते, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड गुदमरते. म्हणूनच पेवाचे तोंड बुजवता येईल इतपत अरुंद ठेवणे सोयीचे असते. सांगलीजवळच्या हरिपुरातील हळदीची पेवे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. उघडलेल्या पेवात लगेच उतरू नये, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक असे. उथळ आणि पसरट तोंडाच्या खळग्याला पेव म्हणण्यापूर्वी मात्र दोनदा विचार करावा, कारण तो कणगी बसवण्याचा खळगाही असू शकतो.

दुसरी चूक कालक्रमाची आहे, आणि ती निस्तरता येत नाही. उत्तर जोर्वे काळात (ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीच्या नंतरच्या टप्प्यात) खणलेला खड्डा खालची पूर्व जोर्वे काळातील जमीन भेदून जातो; त्याची कड वेळीच ओळखली नाही, तर दोन काळांची खापरे एकाच पिशवीत जातात. मातीचा रंग किंवा पोत बदलताच खणणे थांबवावे, पृष्ठभाग करणीने खरवडून त्यावर हलके पाणी शिंपडावे, म्हणजे कडेची रेघ उठून दिसते. मग खड्डा अर्धाच रिकामा करून उभ्या छेदाचे रेखाटन करावे, तो कोणत्या थरातून कापला आहे हे ठरवावे, आणि त्यानंतरच उरलेल्या अर्ध्या भागाला हात लावावा. तळाची माती चाळून फेकून न देता, पाण्यात तरंगवून जळके दाणे काढण्यासाठी वेगळी ठेवावी. मात्र त्यात मिळालेले जळके दाणे राखेबरोबरही आलेले असू शकतात, हे विसरू नये.

खड्ड्यात मूर्ती मिळाली की त्याला अर्पण ठरवणारा ‘धार्मिक’ हा शब्द तर फारच स्वस्त झाला आहे. इनामगावच्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची डबी पुरलेली मिळाली. डबीत आणि झाकणावर मिळून शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती, शिर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि बैल अशी मांडणी होती. शिर नसलेल्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला छिद्रे होती, म्हणजे काडी खोचून तिला बैलावर बसवता येत असे. इथे हेतूविषयी शंका उरत नाही, कारण डबी, झाकण, मांडणी आणि जागा ही चारही अंगे एकमेकांना दुजोरा देतात. राखेच्या ढिगात मिळालेल्या एकट्या मोडक्या मूर्तीला हा मान देणे योग्य नाही.

दफनाला साठवण समजणे ही याच चुकीची दुसरी बाजू. घराच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन कुंभ हे बहुधा लहान मुलाचे दफन असते. खणलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात एकाच कुंभाचा काठ डोकावत असेल, तर ‘साठवणीचा रांजण’ अशी नोंद करण्यापूर्वी चौकोन वाढवून पाहावा.

सगळ्या पेवांच्या आकारमानाची बेरीज करून गावाचा धान्यसाठा काढण्याच्या फंदात पडू नये, कारण ती सर्व एकाच वर्षी वापरात होती असे गृहीत धरायला आधार नसतो. आणि खड्डा फारच मोठा निघाला, तर पेवांच्या यादीत घालण्याआधी आत चूल आहे का, कडेने खांबांचे खळगे आहेत का, हे तपासावे. तसे असल्यास आपण कोणाच्या तरी घरात उभे आहोत.