मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम: अनुदान हातात पडत नाही

नवा उद्योग सुरू करायला कर्ज आणि अनुदान देणाऱ्या महाराष्ट्र शासनाच्या या योजनेत अर्ज करण्याआधी हिशेब नीट समजून घ्या. ग्रामीण भागातल्या महिलेचा 10 लाखांचा प्रकल्प धरू. स्वतःचे 5 टक्के म्हणजे 50 हजार, अनुदान 35 टक्के म्हणजे साडेतीन लाख, उरलेले 6 लाख कर्ज. सर्वसाधारण गटातल्या शहरी अर्जदाराला मात्र अनुदान 15 टक्केच, आणि स्वतःचे 10 टक्के घालावे लागतात.

अनुदानाची रक्कम बँकेत तुमच्या नावे 3 वर्षं मुदत ठेवीत अडकून राहते. उद्योग चालू असेल तरच ती कर्जात वळती होते. त्यामुळे सुरुवातीचा कच्चा माल त्यातून घ्यायचं गणित मांडू नका.

बँकेत फाइल अडू शकते ती कोटेशनवर, म्हणजे विक्रेत्याने दिलेल्या मशीनच्या दरपत्रकावर. पिठाच्या गिरणीचं कोटेशन असेल तर मोटरचा एचपी, मॉडेल, जीएसटी क्रमांक, तारीख, सही-शिक्का हवाच. प्रकल्प अहवालात 1,85,000 आणि कोटेशनात 1,92,000 असा फरक दिसला की फाइल परत. जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरू नका. आणि मंजुरीआधी मशीन घेऊन टाकू नका, योजना नव्या उद्योगालाच आहे. शंका असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, एजंटला नको.